मी शिवलेले प्रोखोरचे पोट

मित्रांनो, तुमच्या दप्तरात कागद टाचायचा स्टेपलर असेल. मीही एक जुना स्टेपलर आहे, पण कागदाचा नव्हे. मी माणसाचे जठर शिवत असे. वोल्गाकाठच्या आमच्या शहरातल्या इस्पितळात आता मला काचेच्या कपाटात ठेवले आहे. माणसे येतात, वाकून बघतात. हा का बघतो आहे, याच्या मनात काय आहे, असे माझ्या मनात येतेच. ती सवय काही जात नाही.

माझा जन्म मॉस्कोच्या एका कारखान्यात झाला. मला घडवणारा मित्रोफान येगोरोविच लढाईच्या काळात बंदुकांचे घोडे घडवायचा. माझ्याआधीची यंत्रे जडशीळ होती. ती जठराची कड अशी चिरडायची की तिथले मांसच मरून जायचे. मित्रोफान येगोरोविच म्हणायचा, "घट्ट आवळायला कसली आली अक्कल? गळा तर कोणीही आवळतो! कडेपर्यंत रक्त पोचलं पाहिजे." म्हणून त्याने माझ्या तोंडात बारीक तारेच्या टाक्यांच्या दोन ओळी बसवल्या, एकीच्या फटीसमोर दुसरीचा टाका येईल अशा. प्रत्येक टाक्यासमोर खाचा कोरल्या. तार त्या खाचेत वळली की तिची दोन्ही टोके आत वळायची आणि मध्ये रक्ताला वाट राहायची. पाठीवर एक मळसूत्र होते आणि त्यावर एक खूण. खुणेपर्यंतच पिळायचे, पुढे नाही.

इतके करूनही तो स्वतः माझ्यावर खूश नव्हता. मला भिंगाखाली धरून तो पुटपुटायचा, "कोपऱ्यातली ती खाच मला पटत नाही." पण मला पाठवायची वेळ झाली होती.

इस्पितळात आलो तर तिथेही तेच. परिचारिका क्लावाने मला उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, "फाइना ल्वोवना, हे यंत्र माणूस शिवणार? मग माझ्या कोटाचं अस्तरही घ्या म्हणावं शिवायला!"

फाइना ल्वोवना गुर्विच हसली नाही. ती सडपातळ, अबोल बाई. युद्धात आघाडीवर तंबूत शस्त्रक्रिया केलेली. तिने कत्तलखान्यातून डुकरांची जठरे मागवली, मला दाबून ती शिवली आणि त्यांत पाणी भरून थेंब गळतो का ते पाहत बसली. गळत नसे, तरी ती मान हलवायची. पुढे खऱ्या माणसांवर काम सुरू झाले, तेव्हाही मी टाके घातले की ती एकेक टाका चिमट्याने चाचपायची आणि वरून सुईदोऱ्याची एक ओळ घालायची. मला राग यायचा. इतका अविश्वास होता, तर मला आणलेच कशाला?

मग १९५३चा तो जानेवारी उजाडला. वर्तमानपत्रांत आले की राजधानीतले मोठमोठे डॉक्टर रोग्यांना मारण्याच्या कटात सापडले. त्यांतली बरीच नावे ज्यूंची होती. फाइना ल्वोवनाही ज्यू. त्या दिवसापासून इस्पितळाची हवाच बदलली. ती वॉर्डात शिरली की बोलणे थांबायचे. रोगी गोळी जिभेखाली धरायचे आणि तिची पाठ वळली की थुंकायचे.

मुख्य डॉक्टर आर्सेनी पावलोविच बोरोदूलिन वाईट माणूस नव्हता, पण भित्रा होता. तो ड्रेसिंगच्या खोलीत आला आणि माझ्याकडे बोट दाखवून क्लावाला म्हणाला, "या तारा कसल्या आहेत? कोणी तपासल्यात?"

"इतके दिवस चालल्या की, आर्सेनी पावलोविच."

"इतक्या दिवसांचं विचारत नाही मी!"

त्याने मला कपाटात घालून लाखेची मोहोर लावली. फाइना ल्वोवनाला सांगण्यात आले की तूर्त शस्त्रक्रिया करायची नाही. ती फक्त म्हणाली, "बरं." मला मात्र काचेतून तिचे हात दिसत होते. ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हते.

त्याच थंडीत प्रोखोर सीलिचला घोड्याच्या घसरगाडीतून आणले. तो नदीवर मालाच्या नावा चालवायचा. जठरात जुना व्रण होता, तो फुटला होता आणि प्रोखोर रक्त ओकत होता. दुसरे सर्जन खेड्यावर गेलेले आणि हिमवादळाने रस्ता बुजलेला. बोरोदूलिनने कित्येक वर्षांत सुरी हाती धरली नव्हती. तो आला, त्याने लाख फोडली आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, "करा. पण काही झालं तर तुमच्यावर."

प्रोखोरची बायको उस्तीन्या सूतगिरणीत कामाला होती. ती दारात आडवी उभी राहिली.

"तुम्ही गुर्विच ना?"

"हो."

"मग नको. दुसरं कोणी नाही का?"

"नाही."

"आणि हे लोखंड? हे माझ्या माणसाच्या पोटात घालणार?"

"लोखंड बाहेर येईल. तारा आत राहतील."

"म्हणजे काय राहिलं ते कोणाला दिसणार पण नाही!"

फाइना ल्वोवनाने गळ्यातला लोकरी रुमाल काढला, त्याची दुहेरी घडी माझ्या तोंडात धरली, मळसूत्र पिळले, दाबले आणि तो तिच्या हाती दिला. "ओढा."

उस्तीन्याने दोन्ही हातांनी ओढला. लोकर उसवली, टाके सुटले नाहीत. तरी तिचा चेहरा सैल झाला नाही.

"माझा विश्वास नाही बसत तुमच्यावर," ती म्हणाली.

"नका ठेवू. माझाही या यंत्रावर नाही. म्हणून तर मी प्रत्येक टाका बघते. आता बाजूला व्हा, तो मरतोय."

उस्तीन्या बाजूला झाली.

मित्रांनो, त्या दिवशी क्लावाने मला उकळत्या पाण्यातून काढले आणि एकेक टाका चिमट्याने माझ्यात भरला. व्रणाचा भाग कापून निघाला, उरलेल्या जठराची कड माझ्या तोंडात आली. खुणेपर्यंत पीळ. दाब. मला वाटले, झकास झाले! पण फाइना ल्वोवना चिमट्याने चाचपत कोपऱ्यापाशी आली आणि थांबली. तिथला टाका वळलाच नव्हता, नुसता उभा होता. तिने तो उपसून काढला, तिथे हाताने शिवले आणि नेहमीसारखी वरून ओळ घातली. तिच्या अविश्वासाचा मला आलेला राग त्या क्षणी विरला.

तीन दिवस प्रोखोर छान होता. चौथ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखे फुगले, तो कण्हू लागला. त्याला ड्रेसिंगच्या खोलीत आणले. वॉर्डभर एकच कुजबुज: तारांनी केले, त्या बाईने केले. बोरोदूलिन दारात येऊन उभा राहिला. त्याच्यामागे एक अनोळखी माणूस होता, बहुधा गुप्त पोलिसांचा. त्याने टोपीही काढली नव्हती.

फाइना ल्वोवनाने प्रोखोरच्या नाकातून नळी आत सरकवली. नळी तुंबली. पिचकारीने ओढून ओढून ती मोकळी केली, तेव्हा तसराळ्यात आंबट पाणी आले आणि त्यात आंबवलेल्या कोबीचे तुकडे, कणकेचे गोळे. इस्पितळात त्याला पातळ पेजेखेरीज काही दिलेले नव्हते.

फाइना ल्वोवनाने मान वर करून उस्तीन्याकडे पाहिले. उस्तीन्या भिंतीसारखी पांढरी पडली.

"शिवण फुटली ना?" बोरोदूलिनने विचारले.

"नाही. शिवण धरून आहे."

"मग हे कशानं झालं?"

फाइना ल्वोवना नळी पुसत राहिली. एका वाक्यात तिची सुटका होती. पण त्या दिवसांत कोणाकडे बोट दाखवले की त्या माणसाचे काय व्हायचे, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? टोपीवाला एक पाऊल पुढे आला.

"मी खाऊ घातलं," उस्तीन्या एकदम म्हणाली. "घरची कोबी भरलेली पिरोग. शालीखाली लपवून आणली. वाटलं, इथल्या पेजेत काहीतरी घालत असतील. सगळे तेच म्हणत होते ना!"

"तुम्ही आता घरी जा, बाई," बोरोदूलिन चाचरत म्हणाला.

"नाही जात! लिहून घ्या हवं तर. मी माझ्या हातांनी त्याला मारत होते आणि डॉक्टरबाईंनी शिवलेलं टिकलं."

प्रोखोर वाचला. तरीही आठवडाभरात फाइना ल्वोवनाला कामावरून काढले. खरे कळून भागत नाही. ते ऐकायला तयार असलेला माणूसही लागतो.

एप्रिलमध्ये त्याच वर्तमानपत्रांनी छापले की कट वगैरे काही नव्हताच. बोरोदूलिन स्वतः तिच्या घरी गेला. ती परत आली. मित्रोफान येगोरोविचला तिने माझ्या कोपऱ्याची हकीगत कळवली होती. त्याने ती खाच नव्याने कोरली, आणि माझ्यानंतरच्या भावंडांना तर टाके आधीच भरलेल्या डब्या मिळाल्या. क्लावाचा चिमटा सुटला. माझे दोष असे दुरुस्त झाले.

उन्हाळ्यात उस्तीन्या रासबेरीचा मुरंबा घेऊन आली. स्वतः रानात जाऊन फळे वेचलेली. "तुमच्यासाठी, फाइना ल्वोवना."

फाइना ल्वोवनाने आभार मानले, बरणी टेबलावर ठेवली. उस्तीन्याने बरणीचे झाकण उघडले. मग म्हणाली, "मी चाखून दाखवू?" आणि बोट बुडवून तिने ते तोंडात घातले.

फाइना ल्वोवनाच्या डोळ्यांत पाणी आले. तिने चमचा घेतला, मुरंब्यापर्यंत नेला आणि परत खाली ठेवला. तिला खाववेना. उस्तीन्याने रागही मानला नाही. डोक्याचा रुमाल सारखा करून ती निघून गेली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांवर खुशाल संशय घ्या. आमचा प्रत्येक टाका तपासा, आम्हाला पुसा, कोरडे ठेवा, गंज चढू देऊ नका. पण नाव ऐकून एखाद्याच्या हातांवर संशय घेऊ नका. माझी कोपऱ्यातली खाच भिंगाखाली दिसली, म्हणून ती पुन्हा कोरता आली. फाइना ल्वोवनाच्या मनात जे उभे राहिले, ते कोणत्याही भिंगाखाली दिसले नाही. बरणी त्या टेबलावर हिवाळ्यापर्यंत तशीच होती.