वीतभर उजवीकडे

विल्मर शेफरची बंदूक भरकटते, हे त्याच्या मुलीला, ट्रुडीला, ऑक्टोबरात कळलं. साफ करून आणते म्हणून तिने ती घरी नेली होती आणि सहज गंमत म्हणून खाणीमागच्या मोकळ्या जागेत कागदी निशाणावर झाडून पाहिली. पहिली गोळी मध्यापासून वीतभर डावीकडे लागली. नळी तापत गेली तशा पुढच्या गोळ्या वाटेल तिकडे गेल्या. ट्रुडी गावातल्या कारखान्यात लेथवर काम करणारी बाई. सुताएवढा फरक पडला तरी तिचं डोकं फिरायचं, आणि इथे तर वीतभर.

विल्मरने ती बंदूक लग्नाआधी हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेली. कारखान्यातून आली तशीच तो ती वापरत आला होता. कागदावर गोळ्या झाडायच्या म्हणजे काडतुसं उकिरड्यावर फेकायची, असं त्याचं मत. हरणांचा मोसम सुरू झाला की वर डोंगरात जायचं, एक गोळी झाडायची आणि हरीण ओढत खाली आणायचं, एवढाच त्याचा बंदुकीशी संबंध. असल्या बंदुकीने म्हातारा इतकी वर्षं हरणं पाडतो तरी कसा, हा प्रश्न ट्रुडीला पडला होता. पण बाबांचं नशीब जोरावर आहे म्हणून ती हसली आणि कामाला लागली. शहाण्या माणसाने तो प्रश्न आधी बाबालाच विचारला असता.

तिने विचारलं नाही, कारण तिला त्याला खूश करायचं होतं. विल्मरचे गुडघे गेले होते. हा मोसम शेवटचा, पुढच्या वर्षी चढ चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. विल्मर आणि त्याच्या सोबत्यांची डोंगरात शिकारीसाठी एक लाकडी केबिन होती, आणि तिचा कायदा पॉटर काउंटी या त्यांच्या जिल्ह्यातल्या सगळ्या केबिनींचा असतो तोच होता: ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कात्रीने कापायचा, त्यावर नाव लिहायचं आणि भिंतीवर ठोकायचा. विल्मरचा धाकटा भाऊ नॉर्बर्ट याचे तिथले तुकडे जोडले असते तर त्याला एक नवा शर्ट शिवून मिळाला असता. विल्मरचा तुकडा मात्र एकही नव्हता. तो शेवटपर्यंत लागू नये, एवढंच ट्रुडीला हवं होतं.

तिने बंदुकीची नळी खालच्या लाकडी दस्त्यातून सोडवली. इतक्या वर्षांच्या ओलीने लाकूड फुगून नळीला एका बाजूने रेटत होतं. तिने खोबण घासून इतकी मोकळी केली की नळी आणि लाकडाच्या मधून कागद अलगद सरकावा. बंदुकीचा लोखंडी भाग लाकडात जिथे बसतो तिथे इपॉक्सी, म्हणजे दगडासारखा घट्ट होणारा डिंक, भरून त्याला घट्ट बैठक करून दिली. चापाला तिने हात लावला नाही. बाबांच्या बोटाला लगेच कळलं असतं. शेवटी वरची दुर्बीण नेमक्या मध्यावर लावून घेतली. आता निशाणावरची तीन गोळ्यांची भोकं बाटलीच्या एका झाकणाखाली झाकली गेली असती. त्या दिवशी ती घरी शीळ घालत आली.

मोसमाच्या पहिल्या सोमवारी बर्फ पडलेलं होतं. न्याहारीला नॉर्बर्टने तव्यावरचे गरम पॅनकेक वाढता वाढता सगळ्यांची थट्टा केली. ट्रुडीला म्हणाला, "पोरी, कात्रीला धार लावून ठेवली आहे, खास तुझ्यासाठी." बाईमाणसाला केबिनीत घ्यायला या मंडळींनी बरीच वर्षं लावली होती, आणि ती वर्षं ट्रुडी विसरली नव्हती.

ती बाबांबरोबर उन्मळून पडलेल्या एका झाडाच्या आडोशाला बसली. ऊन वर आलं तेव्हा एक मोठ्या शिंगांचा नर समोरच्या उतारावरून उजवीकडे निघाला आणि थांबला. अख्खी कूस समोर. विल्मरने घाई केली नाही. बंदूक खांद्याला लावली, श्वास सोडला आणि चाप ओढला. नराने मान वर केली, पांढरी शेपटी उभारली आणि झाडीत निघून गेला.

दोघांनी बर्फात पुष्कळ शोधलं. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. गोळी ट्रुडीला सापडली ती एका कोवळ्या झाडाच्या बुंध्यात, नराची छाती होती तिथून थोडी पुढे, म्हणजे उजवीकडे. तिला सगळं एकदम समजलं. थंड नळीतली पहिली गोळी कायम एकाच जागी, वीतभर डावीकडे जायची. विल्मर पहिल्या गोळीच्या पुढे कधी गेलाच नव्हता, आणि त्याच्या हातांनी ती वीत न मोजता, न बोलता, केव्हाच शिकून घेतली होती. तो नेम नेहमीच वीतभर उजवीकडे धरायचा. तिने बंदूक सरळ केली होती, पण म्हाताऱ्याचे हात जुन्या बंदुकीचेच होते.

"डोळे गेले, ट्रुडे," विल्मर म्हणाला. "संपलं आपलं."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. रात्री एकटे असतील तेव्हा सांगू, असं तिने ठरवलं.

पण संध्याकाळी केबिन माणसांनी भरली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विल्मर सापडला म्हणून सगळ्यांच्या उत्साहाला ऊत आला होता. तो टेबलावर दोन्ही हात टेकून पाठ करून उभा राहिला. "नीट काप रे, नॉर्बर्ट, उरलेला शर्ट कोंबड्यांचं खुराडं साफ करताना अंगात घालायला होईल," म्हणाला आणि सगळे हसले. ट्रुडी सांगायला म्हणून शेगडीपासून एक पाऊल पुढे झाली. मग तिच्या मनात आलं, या बाप्यांसमोर सांगायचं की बाबांच्या बंदुकीला त्यांना न विचारता हात लावला? पुढल्या वर्षी दारात तरी उभं करतील का मला? ती माघारी शेगडीपाशी जाऊन उभी राहिली. लाज वाटावी अशीच गोष्ट होती, आणि तिला ती तेव्हाही वाटत होती.

विल्मरने गुडघ्यांमुळे शिकार सोडली असती तर वेगळं. त्याने डोळ्यांमुळे सगळंच सोडलं. गाडी चालवायची बंद केली, मग विकूनच टाकली. लाकडं फोडायला शेजाऱ्याला बोलावू लागला. नाताळात सांगू, नाताळ गेला की सांगू, असं करत ट्रुडीने मार्च आणला. त्या रविवारी तो स्वयंपाकघरात बसला होता. त्याने वर्तमानपत्र तिच्यापुढे सरकवलं आणि वाचून दाखव म्हणाला.

मग तिने सांगितलं. लाकूड, इपॉक्सी, दुर्बीण, बुंध्यातली गोळी, सगळं.

"म्हणजे डोळे ठीक आहेत माझे?"

"ठीक आहेत, बाबा. बंदुकीला हात लावायच्या आधी मी तुम्हाला विचारायला हवं होतं. माझं चुकलं."

"बंदुकीचं सोड गं. ते तू मायेनं केलंस." त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. "नॉर्बर्ट माझा शर्ट कापत होता तेव्हा तू कुठे होतीस?"

"तिथेच, बाबा. शेगडीपाशी."

विल्मरने मान हलवली. तिच्या हातातून वर्तमानपत्र घेतलं, उलगडलं आणि तो मनातल्या मनात वाचू लागला.