देनित्साचा गुडघा

आमच्या वाचनालयात वाचायला कुणी येत नाही. दर गुरुवारी संध्याकाळी तिथं बायका हातात हात गुंफून होरो, म्हणजे रांगेचा नाच, नाचतात आणि मी अकॉर्डियन वाजवतो. रांगेच्या टोकाला रुमाल फिरवत देनित्सा असायची. ती उडी मारेल तशी मागच्या वीसजणींनी मारायची. मुलगी झाल्यावर सात महिन्यांनी ती परत आली खरी, पण जलद होरो सुरू झाला की रांग सोडून भिंतीला टेकायची.

"गुडघा," म्हणायची.

गुडघा म्हटल्यावर आमच्याकडे डॉक्टरला कोण विचारतो? तिच्या सासूनं, स्तान्काबाईंनी, राकियात भिजवलेलं फडकं गुंडाळलं. दारू गुडघ्यावर वाया जाताना मी पहिल्यांदाच पाहिली. शेजारणीनं कोबीचं पान बांधलं. गुडघा बिचारा ठणठणीत होता, पण त्याचं ऐकणार कोण! तेवढ्यात जूनमधला गावचा सण आला, आणि चौकात रांगेच्या टोकाला यंदा देनित्साऐवजी एल्काला उभं करावं अशी कुजबुज सुरू झाली. ती ऐकताना देनित्साचा चेहरा मला बघवला नाही.

मी लक्ष ठेवलं. पँट नेहमी काळी. पाण्याचा घोट नाही. नाचाआधी एकदा आणि नंतर एकदा संडासाची फेरी. आणि शिंक आली की दोन्ही पायांची कात्री. ती कात्री माझ्या चांगल्या ओळखीची.

मधल्या सुट्टीत तिच्याजवळ गेलो. "काय गं, शिंकताना दुखतो का तो गुडघा?"

ती लालबुंद झाली. "नायदेनकाका, तुम्ही आपलं वाजवा."

"वाजवतो की. प्रोस्टेटचं ऑपरेशन झाल्यावर मात्र दर वेळी उभं राहिलं की गळायचो. चार महिने खुर्चीत बसून वाजवलं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला रुबाब आला."

ती हसली, हसताना पाय आवळले, आणि मग रडायलाच लागली. "हसवू नका हो. पिल्लू उचललं तरी होतं. खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटतं. शेजारचीला वास येईल म्हणून मी हातच धरत नाही."

"सांगितलंस कुणाला?"

"आईंना. म्हणाल्या, बाळंतपणानंतर होतंच."

नात कडेवर घेऊन स्तान्काबाई मागंच उभ्या होत्या. "होतंच! मला नाही झालं? छत्तीस वर्षं झाली, केली का मी कधी तक्रार?"

"पण आई, तुम्ही नाच का सोडलात?"

स्तान्काबाईंनी नातीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"गुडघा," त्या हळूच म्हणाल्या.

ऑपरेशननंतर मला ज्या बाईनं व्यायाम शिकवले होते तिचा नंबर मी दिला. जिल्ह्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आहे ती. सासूसुना दोघी बसनं गेल्या. आधी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मग फिजिओबाईनं. देनित्सा घरी स्वतःच्या मनानं व्यायाम करत होती, पण होरोच्या पुढारणीसारखा : ताठ, श्वास रोखून, पोट आत, नितंब घट्ट. जोर सगळा खाली जात होता. "बाई, इथं परेड नाही," फिजिओबाई म्हणाली. वारा सुटू नये म्हणून खालचं जसं आत-वर ओढतो तसं ओढायचं, श्वास चालू ठेवायचा, आणि मग पुरतं सैल सोडायचं. सोडणंही शिकावं लागतं. पिल्लू उचलताना श्वास सोडत आवळायचं. उड्या काही महिने बंद.

पुढच्या गुरुवारी देनित्सा सगळ्यांसमोर उभी राहिली. "यंदा चौकात एल्का पुढं. माझा गुडघा बरा आहे. उडी मारली की मला लघवी होते, त्यावर इलाज चालू आहे."

मग एल्कानंच विचारलं, "नंबर आहे का गं त्या बाईंचा?" पाठोपाठ आणखी तिघींनी कागद शोधला.

सणाला देनित्सा रांगेच्या मधोमध संथ होरो नाचली. ऑक्टोबरात फिजिओबाईनं उडीला हो म्हटलं, तेव्हा ती टोकाला गेली. मी लय जरा कमी ठेवली. तिनं ती पायानंच वाढवली. तीन उड्या. चौथीला थबकली. सगळी रांग थबकली, मीही.

"दोन थेंब," ती म्हणाली. "पूर्वी पेला असायचा. काका, थांबलात कशाला? वाजवा!"