भट्टीपुढचं स्टूल

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून तक्रार नको. आमची बेकरी आहे. केकवर नावं घालायचं काम माझं आणि भट्टी नवऱ्याची. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणायचे, भट्टीपाशी सरळ 'अरे'. माणूस बुटका. वरच्या कप्प्यातले ट्रे काढायला त्याने स्वतःच्या हातांनी एक लाकडी स्टूल ठोकलं होतं. त्यावर चढला की माझ्याकडे असा बघायचा, जणू मोठा गड सर केलाय!

मग एका रात्री तो झोपेतच गेला. ना निरोप, ना शेवटचं भांडण. मला तर भांडण राहून गेल्याचाच जास्त राग आला.

भट्टीवर आम्ही एकामागून एक माणसं ठेवली, आताचा तिसरा. गल्ल्यावर बसणाऱ्या माझ्या नणंदेने पहिल्याच दिवशी त्याचं नाव लंबू पाडलं. लंबूचा हात वरच्या कप्प्याला सहज पोचतो, त्याला स्टूल कशाला हवं? पण स्टूल होतं तिथेच, भट्टीच्या बरोब्बर पुढे. गरम ट्रे घेऊन वळला की बिचारा अडखळायचा. गुडघे सोलवटले, पाव जमिनीवर लोळले, तरी मी कुणाला स्टुलाला हात लावू दिला नाही. "स्टूल तिथंच राहील, तू डोळे उघडे ठेव," असं मी त्यालाच सुनावायचे. त्याच्या आधीचे दोघे याच पायी पळाले होते.

एकदा वन्सं वैतागल्या. "वहिनी, ज्याच्यावर ओरडायचंय त्याला सोडून सगळ्या जगावर ओरडतेस. दादालाच सुनाव ना!"

"ऐकायला आहे का तो?"

"मग लिही. केकवर लिहायचा कोन धरता येतो ना तुला?"

कागद समोर ठेवला की मला दोन ओळी सुचत नाहीत. पण चॉकलेटचा कोन हातात आला आणि कडेला करपलेल्या एका केकवर हात आपोआप चालायला लागला.

घोरणं तुझं बंद झालं, झोप मात्र उडाली,
भांडायला कुणी नाही, माझी मजाच बुडाली.

"यमक बरं जमलंय," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांनी सुरी चालवली.

तेव्हापासून रोज सकाळी एक केक. नियम एकच, दुकान उघडायच्या आत तो तिघांनी फस्त करायचा. उद्यासाठी ठेवायचा नाही, फोटोबिटो काढायचा नाही. मी खूप रडायचे. तोंडात केक कोंबून रडणं सोपं नसतं, करून बघा! पण ओळ पोटात गेली की छातीवरचं ओझं तेवढं उतरायचं. लंबू आपला तुकडा खायचा आणि कामाला लागायचा.

एवढं सगळं झालं, तरी स्टूल काही हललं नाही.

एक दिवस स्टुलाला अडखळून गरम ट्रे लंबूच्या हाताला लागला आणि मनगटावर हा मोठा फोड आला. "ताई," तो शांतपणे म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत स्टूल हलवा, नाहीतर मी चाललो. माझं स्टुलाशी वैर नाही, पण गुडघे मला दोनच आहेत."

"जा की मग!" मी तोंड सोडलं. तो गेला तर दुकानाला कुलूप, हे मला पक्कं ठाऊक होतं. वन्संना आणि मला साधा पाव भाजता येत नाही.

दुसऱ्या सकाळी मी केकवर लिहिलं:

गेलास ते गेलास, जरा आवरून तरी जायचं,
इथलं तुझं स्टूल आता कोणी उचलून न्यायचं?

कोन धुऊन येते तोवर वन्संनी बस डेपोची ऑर्डर डब्यात भरून पाठवूनही दिली होती. तिथले तिकीटवाले काका निवृत्त होत होते. मी आपली सुरी घेऊन केकपाशी बसले, बघते तर त्यावर ठळक अक्षरात 'निवृत्तीच्या शुभेच्छा'!

"वन्सं! काय केलंत हे!"

"अगं बाई! दोन्ही पांढरेच होते गं!"

शुभेच्छांचा केक घेऊन मी धावत सुटले. डेपोत पोचले तोवर माझ्या ओळी वाचून झाल्या होत्या, केकही निम्मा संपला होता. मिशाळ तिकीटवाले काका डोळे पुसत उभे होते. आता काय खरं नाही, म्हटलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच. ते तुमच्यासाठी नव्हतं. पैसे परत हवे असतील तर सरळ सांगा, उगाच रडू नका!"

"पैसे कसले! बाई, सगळे पोट धरून हसले आणि मला मात्र रडू आवरेना." त्यांनी तिकिटाच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "ते उंच स्टूल माझं, घरून आणलेलं. आज घरी नेणार होतो. घरी कशाला हवं होतं, देव जाणे. तुमच्या ओळी वाचल्या आणि वाटलं, ज्याचं त्यानेच उचलून पुढच्याला द्यावं. दिलं हिला."

खिडकीत नवी तिकीटवाली त्याच स्टुलावर बसली होती. "डावीकडे झुकू नकोस, करकरतं ते!" काका तिला ओरडून सांगत होते. स्वतःचं स्टूल सोडून इतका हलका झालेला माणूस मी आजवर पाहिला नव्हता. आमच्याकडचा मालक तर उचलायला येणार नव्हता. म्हणजे ते माझ्याच वाट्याला आलं.

परत आले तेव्हा लंबू पिशवी भरत होता. मी सरळ भट्टीपाशी गेले आणि स्टूल उचललं. फरशीवर चार पायांच्या चार खुणा राहिल्या. खरं सांगते, परत ठेवून द्यावंसं वाटलं. पण ठेवलं नाही. माझ्या टेबलापाशी आणलं, त्यावर बसले, परत आणलेल्या केकवरच्या शुभेच्छा खरवडल्या आणि लिहिलं:

स्टूल तुझं हलवलंय रे, रागावून काय होणार?
पाय माझे दुखतात, त्यावर आता मीच बसणार.

"दादाने ऐकलं असतं तर म्हणाला असता, घे बाई, बस एकदाची," वन्सं म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघी रडता रडता हसत सुटलो.

लंबूने पिशवी खुंटीला अडकवली आणि हातमोजे चढवले. भट्टीतून ट्रे काढला, वळला आणि नसलेल्या स्टुलावरून चांगला उंच पाय उचलून पुढे आला. वन्संना हसू आवरेना.

"हसता काय त्याला! सवय असते माणसाला," असं म्हणत मी केकचा तुकडा त्याला द्यायला भट्टीकडे निघाले, तर त्याच जागी माझाही पाय उचलला गेला, आणि मी अगदी जपून तो पलीकडे टाकला.