एकटेपणाचा पुरावा

मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात कथेला जागा एकच उरली होती आणि कथा आल्या होत्या दोन. एक शिवलीला अक्कांची, दुसरी नव्यानंच नोकरीसाठी या कानडी शहरात आलेल्या शाल्मलीची. साल अठ्ठ्याण्णव. अक्कांनी आयुष्यात लिहिलेली ही पहिलीच कथा, तीही एकसष्टाव्या वर्षी. ती छापून येईल की नाही, या विचारानं त्यांचा जीव टांगणीला लागला होता, पण तसं त्या कुणाला सांगणार नव्हत्या.

संपादक होता उमाकांत. पुण्याहून येऊन दोन वर्षं झालेली, कॉम्प्युटर कंपनीत नोकरी आणि साहित्य फक्त आपल्यालाच कळतं अशी पक्की समजूत. बसवनगुडीतल्या बैठकीत तो म्हणाला, "दोन्ही कथा मी तीन-तीनदा वाचल्या. थीम एकच आहे, परक्या शहरातला एकटेपणा. मग रिपीट कशाला? शाल्मलीची घेऊ. अक्का, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं."

अक्कांना आधी हसू आलं, मग संताप. त्यांची कथा निपाणीतल्या दोन जावांच्या भांडणाची. बारा माणसांच्या त्या घरात एकटं बसायला कोपरा तरी होता का? उचलली जीभ लावली टाळ्याला! अक्कांनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं आणि विधानाखाली पुरावा म्हणून धड्यातलं वाक्य न लिहिणाऱ्या पोराला कधी अर्धा गुणसुद्धा दिला नव्हता.

"सरी, बरं," त्या कानडी वळणानं म्हणाल्या. "दोन्हीत एकटेपणा आहे म्हणता ना? मग दोन्हीतलं एकेक वाक्य वाचून दाखवा की."

उमाकांत तयारीनंच आला होता. खिशातून टिपणाचा कागद काढून त्यानं वाचलं, "'आईचा फोन ठेवला की खोली आणखी मोठी वाटते.' हे शाल्मलीचं. आणि अक्का, हे तुमचं. 'इथं माझं नाव नीट घेणारं कुणी नाही.' बघा, किती सेम!"

दोघा-तिघांनी माना डोलवल्या. मान डोलवायला कथा वाचावी थोडीच लागते!

"सर," शाल्मली हळूच म्हणाली, "दोन्ही वाक्यं माझीच आहेत. दुसरं उत्तरार्धातलं आहे. तो मी नव्या पानावर सुरू केलाय."

म्हणजे या पंडितानं एकाच कथेचे दोन तुकडे शेजारी मांडले होते आणि ते सारखे निघाले म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. मग अक्कांची कथा गेली कुठे?

अक्कांनी सरळ त्याच्या फायलीत हात घातला. तळाशी त्यांचं खाकी पाकीट होतं, भाताच्या शितांनी चिकटवलेलं, तोंड जसंच्या तसं बंद. त्यांनी ते सगळ्यांना फिरवून दाखवलं. उमाकांत चष्मा पुसत बसला.

"स्वल्प वेळ आहे ना सगळ्यांना?" अक्कांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता त्यांनी पाकीट फाडलं, खुर्ची पुढे ओढली आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्याच पानावर दोघी जावा उखळावरून एकमेकींना भिडल्या आणि मागची रांग खदखदून हसली.

तीनदा वाचलेली ती कथा उमाकांत पहिल्यांदाच ऐकत होता.