काकांची फुंकर

पोलीस शिपाईबाईने हॉस्पिटलातल्या खोलीच्या दारावर पुन्हा टकटक केली. दार बोटभर उघडलं आणि फटीतून धाकट्या साहेबांचं अर्धं तोंड दिसलं.

"सर, मशीन तयार आहे. मोठ्या साहेबांची तपासणी—"

"साहेबांच्या छातीत दुखतंय. आधी डॉक्टर बघतील. तुम्ही बसा."

दार लागलं. छातीत दुखतंय म्हणे! सकाळी चौकात भरधाव सरकारी गाडी स्कूटरवर घातली, तेव्हा छाती ठणठणीत होती. चौकात ड्यूटीवर हीच होती. रात्रभर कुठे बसून आलेले मोठे साहेब गाडीतून उतरताना तोल जाऊन हिच्याच अंगावर आले होते. तो भपकारा अजून तिच्या नाकातून जात नव्हता. आता हॉस्पिटलच्या या खोलीत लिंबूपाणी झालं, कॉफी झाली, साहेबांनी एक डुलकीही काढली. वेळ जाईल तसतशी दारू उतरणार, हे न कळायला ती काही दूधखुळी नव्हती. पण दार ढकलून आत शिरायची प्राज्ञा कोणाची? मशीन मांडीवर घेऊन ती बाकावर येऊन बसली.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला स्कूटरवाले काका होते. त्यांचं कोपरावरच्या पट्टीवर भागलं होतं. मागे बसलेली त्यांची मुलगी ऑपरेशनला नेलेली. तिची एक चप्पल त्यांनी पिशवीत घालून जवळ ठेवली होती. दुसरी मिळाली नव्हती, आणि या भल्या माणसाला त्याचीच काळजी लागली होती. "नवीच होती हो," असं ते मधूनच म्हणत.

"ताई, कशाचं मशीन ते?"

"यात फुंकलं की कळतं, दारू घेतलीय का ते."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

"माझ्यासाठी आणलंय?"

"छे हो काका! तुमच्यासाठी कशाला?"

"नाही, मघाशी ते साहेब विचारत होते, सकाळी काय घेऊन निघालात म्हणून. मी म्हटलं चहा, तर हसले. ताई, मी आयुष्यात थेंबाला शिवलो नाही. पोरीची शप—"

शपथ त्यांनी अर्ध्यावरच गिळली.

"माझी घ्या ना तपासणी. आत्ता घ्या. उद्या पोरीने विचारलं, बाबा, चूक तुमची होती का, तर काय सांगू मी तिला?"

काय बिघडतंय, तिला वाटलं, तेवढाच म्हाताऱ्या जिवाला धीर. तिने नवी नळी बसवली. काकांनी गाल फुगवले आणि लाल होईपर्यंत फुंकलं. मशीन पीं करून वाजलं, चिठ्ठी बाहेर आली. तिच्यावर वेळ आणि आकडा तेवढा छापून येई; नाव मागाहून पेनाने लिहायचं. आकडा शून्य.

"बघा! म्हटलं नव्हतं?" सकाळपासून पहिल्यांदाच काका हसले. तीही हसली.

मशीन वाजल्याचं आत ऐकू गेलं असावं. धाकटे साहेब बाहेर आले, तिला खुणेने दाराजवळ बोलावलं, चिठ्ठी हातात घेतली. आकडा बघितला, मग काकांकडे बघितलं, मग बराच वेळ तिच्याकडे.

"चला," ते हळूच म्हणाले, "झाली म्हणायची मोठ्या साहेबांची तपासणी."

"सर, ही तर काकांची आहे!"

"काकांची तपासणी घ्यायला तुम्हाला सांगितलं कोणी?" आवाज अगदी घरातल्या वडीलधाऱ्यासारखा. "कोणीच नाही ना? मग ती झालीच नाही. तुम्हाला पाठवलं होतं साहेबांच्या तपासणीला. ती तुम्ही घेतलीत, वेळही छापून आलीय. नाव लिहून टाका."

त्यांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि तिच्या बोटांत दिलं. ओरडावं, तर कोणासमोर? ज्यांच्याकडे तक्रार करायची ते दाराच्या आत कॉफी पीत होते. चिठ्ठी फाडावी, तर ती त्यांच्या मुठीत.

त्यांचं बोलणं बाकापर्यंत पोचलं नव्हतं. साहेबांच्या हातात आपली चिठ्ठी बघून काका लगबगीने उठून आले आणि त्यांनी हात जोडले.

"साहेब, बघितलीत ना? आता तरी पटलं?"

"पटलं, काका. एकदम स्वच्छ आहे."

काकांनी डोळे पुसले. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "ताई, नीट जपून ठेवा हं ती. पोर शुद्धीवर आली की तिला दाखवायचीय."

"हो काका," ती म्हणाली.