नक्की कुठे अडलंय?

लेकीने ग्रुपवर 'भामटे' असं टाइप करून पाठवलं, तेव्हा बाबा शेजारीच भाजी निवडत बसले होते. चष्म्यावरून त्यांनी फोनकडे पाहिलं.

"कोणाला गं?"

"त्या डेव्हलपरांना. पाच आठवडे सगळे व्यवहार बंद. विचारलं की एकच ओळ, 'काम चालू आहे.'"

बापलेकीने मिळून एका क्रिप्टो प्रकल्पात भाग घेतला होता. घरच्या कॉम्प्युटरवरची रिकामी जागा लोकांच्या फायली ठेवायला द्यायची आणि बदल्यात कॉइन मिळवायचे, अशी ती कल्पना. लेक नर्स होती. वॉर्डातून कितीही दमून आली तरी आधी प्रकल्पाचा ग्रुप उघडायची. तिथे रोज शिव्यांचा रतीब चालू होता.

बाबांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. "मी लिफ्टच्या टपावर उभा असायचो," ते म्हणाले, "आणि वरून लोक ओरडायचे, झोपलास का म्हणून. शेवटी मी उत्तर द्यायचंच सोडलं. बोलायला गेलं की स्क्रू खाली पडायचा, आणि आणखी अर्धा तास जायचा."

"म्हणजे तुम्ही त्यांची बाजू घेताय."

"बाजू नाही घेत. पेशंट आला की तू कुठे दुखतंय विचारतेस, की आधी झापतेस?"

"काहींना आधीच झापते," ती म्हणाली. पण फोन त्यांच्याकडे सरकवला.

बाबांनी एका बोटाने टाइप करत ग्रुपवर न लिहिता थेट डेव्हलपरला लिहिलं: 'मी लिफ्ट मेकॅनिक होतो. तुमच्या कामातलं मला ओ की ठो कळत नाही. पण काम अडणं म्हणजे काय ते कळतं. तुमचं नक्की कुठे अडलंय? मला समजेल असं सांगा.'

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं.

'काका, हे पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं. आम्ही दोघंच आहोत. कॉइन ज्या वॉलेटमध्ये राहतात, त्याच्या कुलपात एक फट सापडली. बुजवायच्या आधी बोललो असतो तर चोर आमच्या आधी पोचले असते, म्हणून व्यवहार थांबवले. आता फट बुजवली आहे, सांगायला हरकत नाही. पण ग्रुप उघडतो, चार शिव्या वाचतो आणि बंद करतो.'

लेकीने दोनदा वाचलं. "गोड बोलला म्हणजे खरं बोलला असं नाही."

"बरोबर. म्हणून पुढचं तू विचार."

बाबांच्या आग्रहाने रविवारी सकाळी ग्रुपवर सगळ्यांचं बोलणं ठरलं. साठेक माणसं जोडली गेली. डेव्हलपरचा आवाज चाचरत होता. एकाने मधेच तोंड सोडलं, तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, "त्यांचं वाक्य पुरं होऊ द्या. मग तुमचंही ऐकू."

मग लेकीने विचारलं, "फट बुजली हे तुमच्याशिवाय कोणी तपासलंय का? तो अहवाल आम्हाला दिसेल?"

डेव्हलपरने उत्तर दिलं.

"बाहेरच्यांनी तपासलंय. अहवाल आजच टाकतो. त्यात आमच्या दोन चुका लिहिल्यात, त्याही तशाच ठेवतो. गुरुवारी व्यवहार सुरू करू."

अहवाल संध्याकाळपर्यंत आला. लेकीने तो हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागातल्या मैत्रिणीला दाखवला. "काम नीट केलेलं दिसतंय," मैत्रीण म्हणाली. घरी येऊन लेकीने ग्रुपवरचा तो 'भामटे' मेसेज खोडून टाकला. तसं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

गुरुवार काही साधला नाही. पण बुधवारीच डेव्हलपरने लिहिलं की एक चाचणी फसली आहे, चार दिवस जास्त लागतील. काहीजण कुरकुरले, तिघं ग्रुप सोडून गेले. बाकीच्यांनी विचारलं, कोणती चाचणी? त्याने समजावून सांगितलं. सोमवारी लेकीने बाबांना एक कॉइन पाठवून पाहिला.

"आला का?"

"आला."

आता दर शनिवारी प्रकल्पाची आठवड्याची खबर ग्रुपवर जाते. त्याआधी ती खबर बाबांकडे वाचायला येते. 'काका, तुम्हाला कळलं तर सगळ्यांना कळेल,' असं डेव्हलपरचं म्हणणं. परवा बाबांनी त्यातल्या तीन शब्दांवर खूण करून परत पाठवली आणि खाली लिहिलं, 'हे काय ते सांगा. सावकाश सांगा, मी घरीच आहे.'