नावानं हाक

आमच्या सोरॉरिटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेत, वयाला किंमत नाही. एका घरात राहणाऱ्या आम्ही मुली एकमेकींच्या बहिणी, आणि शिकून बाहेर पडलेल्या जुन्या मुलीही मरेपर्यंत बहिणीच. त्यांना नावानंच हाक मारायची, मग ती विशीची असो की नव्वदीची. ॲन आर्बरच्या आमच्या कॉलेजातल्या बाकीच्या मुलींना यात काहीच वाटत नाही. मी मात्र सातवीत नागपूरहून अमेरिकेत, शॉमबर्गला आले. तोवर कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही काका म्हणायची सवय अंगात मुरली होती.

त्यात माझ्या वाट्याला एव्हलिन आली. आमच्याच घरातली जुनी बहीण, पंच्याऐंशी ओलांडलेली, वृद्धाश्रमात राहणारी, नजर जवळजवळ गेलेली. रविवारी जाऊन तिच्याशी गप्पा मारायच्या, एवढंच माझं काम. मी तिला काहीच म्हणत नसे. आमच्याकडे बायकांनी नवऱ्याचं नाव न घेता अख्खे संसार केले, मला एक म्हातारी काय जड होती? समोर जाऊन उभं राहायचं, जरा खाकरायचं, की झालं.

पण तिला दिसत नव्हतं. एका रविवारी मी न बोलता तिच्या खुर्चीपाशी गेले आणि ती एवढी दचकली की हातातला चहा तिच्या मांडीवर सांडला.

"कोण आहे?"

"मी, आश्लेषा. सॉरी, आँटी."

मी वाकून चहा पुसला. मग ती म्हणाली, "डॉक्टरांकडे मी मिसेस हार्टवेल. नातवंडांची ग्रँडमा. इथल्या नर्स मला स्वीटी म्हणतात. नावानं हाक मारणारी एक बार्बरा उरली होती, कॉलेजातली माझी रूममेट. ती मार्चमध्ये गेली. आपल्या घरातली मुलगी येणार म्हटल्यावर मला आनंद झाला, तो तेवढ्यासाठीच. भाच्या मला पुष्कळ आहेत."

मी प्रयत्न केला, अगदी मनापासून केला. नाव ओठांपर्यंत आलं आणि अडकलं. तिचे हात माझ्या आजीसारखेच सुरकुतलेले होते. तिनं वाट पाहिली, आणि शेवटी म्हणाली, "आज दमले मी. पुढच्या वेळी दुसरी कोणी आली तरी चालेल."

बसस्टॉपवर थंडीत उभी राहिले तेव्हा मला तिचा रागच आला होता. एवढं काय मेलं त्या नावात? पण राहवेना, म्हणून आईला फोन लावून सगळं सांगितलं.

"नावानं? आजीच्या वयाच्या बाईला?" आई म्हणाली. "काहीतरीच. ऑड नाही का वाटत?"

"वाटतं ना, म्हणून तर जमत नाहीये. पण ती खूप हर्ट झाली यार, आई."

आईनं मागचा टीव्ही बंद केला.

"तुझ्या आजीला आम्ही सगळे आईच म्हणायचो," ती म्हणाली. "आजोबांचं नुसतं 'अगं'. शेजारीपाजारी काकू. तेराव्याला गुरुजींनी नाव विचारलं. तुझ्या बाबांना रडू आवरत नव्हतं, म्हणून मी सांगितलं, लता. इतकी वर्षं त्या घरात काढली, पण ते नाव कुणी मोठ्यानं घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तेही माझ्याच तोंडून. ऐकायला त्या नव्हत्या, आशू."

बस आली. मी ती जाऊ दिली आणि परत फिरले.

एव्हलिनच्या खोलीचं दार उघडंच होतं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी उंबऱ्यातच थांबले.

"एव्हलिन," मी म्हणाले. जेमतेम मलाच ऐकू जाईल इतकं. मोठ्यांच्या समोर उद्धटपणा करतेय, असं वाटत होतं. मी पुन्हा हाक मारली, चांगली खणखणीत. "एव्हलिन."

तिनं वळून पाहिलं नाही. दोन्ही हातांनी घाईघाईनं केस कानामागे सारले आणि ताठ बसली.

"आहे गं, आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "वर ये."

तिची खोली तळमजल्यावर होती. आमच्या सोरॉरिटीच्या घरात खालून जिन्यातून कुणी हाक मारली, की वरच्या मुली आजही अशाच ओ देतात.

"आले," मी म्हणाले.